सेविका, कर्मचारी की शिक्षिका?



रांजणगाव हे महागणपतीचे स्थान. आपल्याकडे शिक्षणाच्या आरंभाला शब्दच 'श्रीगणेशा' असा आहे. पाटीवरचा तो पहिला श्रीगणेशा एकेकाळी घरातील आजोबा किंवा आजी गिरवून घेत असत. आज या गावात, शेजारच्या कारेगावात, ढोकसांगवीत आणि औद्योगिक वसाहतीच्या कडेने उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्यांत आजी-आजोबा असतातच असे नाही. ते बीडला, लातूरला, अकोल्याला किंवा थेट उत्तर प्रदेशात गावी राहिलेले असतात. अशा घरांतील मुलाचा श्रीगणेशा अंगणवाडीत होतो आणि तो करून घेणारी स्त्री त्याच्या दृष्टीने 'ताई' असते.

मुलाने आणि गावाने तिला एकच नाव दिले. शासनाने मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत तिला अनेक नावे दिली. बालसेविका, मानसेवी कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, मानधनी कर्मचारी, अशी ही नावे आहेत. नाव बदलले की कामाची अपेक्षा बदलली. मोबदला मात्र त्या गतीने बदलला नाही. आजचा विषय या नावांचा आहे. शब्दांचा कीस काढण्यासाठी तो घेतलेला नाही. या शब्दांवर महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक घरांची चूल अवलंबून आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना काय मिळावे हेही त्यांवरच ठरत आले आहे.

या इतिहासाचा आरंभ मंत्रालयात होत नाही. तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी होतो. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९३६ पासून दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार चालविला. तो नावारूपाला आला असताना, वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० मध्ये मोरगावचा. म्हणजे अष्टविनायकांच्या यात्रेचा जेथून प्रारंभ होतो, त्या आपल्याच जिल्ह्यातील गावचा. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य माजघराच्या अंधारात संपून जायचे. अनुताई शिकल्या, खेड्यांत शिक्षिका झाल्या आणि नंतरची जवळजवळ सर्व वर्षे त्यांनी वारली मुलांना वाहिली.

माँटेसरीबाईंची पद्धत ताराबाईंनी आत्मसात केली होती, पण त्या पद्धतीची महागडी साधने त्यांनी बोर्डीला आणली नाहीत. शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने यांतून मोजणी, रंग आणि आकार यांचे धडे तयार झाले. परदेशातून आलेला विचार आपल्या मातीत कसा रुजवावा, याचा इतका सरळ नमुना शिक्षणक्षेत्रात क्वचितच सापडेल. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. पुढे हे सारे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन शासनाने त्यांचा गौरव केला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कोसबाडच्या अंगणात मुलांसमोर बसणारी स्त्री कितीही कमी शिकलेली असली, तरी ताराबाईंच्या लेखी ती शिक्षिका होती. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, खाऊ देणे ही कामे ती करीत असे, आणि ती सर्व कामे शिक्षणाचाच भाग मानली जात. तिला शिकविल्याविना मुलांपुढे उभे करायचे नाही, हा तेथला आग्रह होता.

शासनाने या क्षेत्रात पाऊल टाकले ते दुसऱ्या दाराने. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि महिला मंडळांच्या बालवाड्यांना अनुदान मिळू लागले. बालवाडी शिक्षण खात्याकडे न जाता कल्याण खात्याकडे गेली. साठच्या दशकात 'बालसेविका' तयार करण्याचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक अंगाचा विचार केला. पूर्वप्राथमिक शिक्षण मात्र मुख्यतः खासगी प्रयत्नांवर सोपविले. त्या काळी प्राथमिक शाळा उघडण्यालाच पैसा पुरत नव्हता, हे खरे. परंतु कल्याण खात्याच्या वहीत एकदा नोंद झाली, की ती नोंद पुसायला किती पिढ्या लागतात हे पुढे दिसले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी येथे तिचा आरंभ झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी बालकाला दवाखान्यापर्यंत पोहोचविणे, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली आणण्याची ती कल्पना होती. कल्पना उत्तम होती. जगातील फार थोड्या देशांनी एवढ्या विस्ताराचे काम हाती घेतले आहे. केंद्राला नाव हवे होते, ते 'अंगणवाडी' असे ठेवले गेले. नाव उचलले, पण शिक्षिका हे पद मागेच राहिले. या सहाही सेवा जिच्या हातून घडायच्या, ती स्त्री 'मानसेवी' ठरविण्यात आली. म्हणजे गावातील एक स्त्री आपखुशीने पुढे येते, दिवसातील काही तास देते आणि त्याबद्दल तिला मानधन दिले जाते. ती नोकर नाही, म्हणून तिला वेतन नाही. वेतन नाही, म्हणून वेतनश्रेणी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. संसदेत या विषयावर प्रश्न आला, की सत्तेवर कोणीही असो, उत्तर याच आशयाचे येत राहिले.

मानधन किती होते? १९७५ मध्ये मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना १०० रुपये, मॅट्रिक झालेलीला १५० आणि मदतनीस बाईंना ३५. १९७८ मध्ये ते १२५ आणि १७५ झाले. १९८६ मध्ये २२५ आणि २७५, १९९२ मध्ये ३५० आणि ४००, १९९७ मध्ये ४३८ आणि ५००. हा ४३८ चा आकडा कोणत्या गणिताने आला असेल, हे एक कोडेच आहे. रकमेची गोळाबेरीजही कोणाला करावीशी वाटली नाही. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने १ एप्रिल २००२ पासून हे आकडे एकदम ९३८ आणि १,००० केले. दुप्पट वाढ प्रथमच झाली. २००४ मध्ये सेविका व मदतनीस यांच्यासाठी आयुर्विमा महामंडळामार्फत विमा योजनाही आली. त्यानंतर २००८ मध्ये १,५००, २०११ मध्ये ३,००० आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० असा केंद्राच्या मानधनाचा प्रवास आहे. २०१८ नंतरच्या वाढी राज्यांनी आपल्या तिजोरीतून दिल्या. महाराष्ट्रात २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० करण्यात आले, मदतनिसांचे ४,४२५ वरून ५,५००. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अनुक्रमे १३,००० आणि ७,५०० करण्याचा निर्णय झाला. या वाढी थोड्या आहेत असे म्हणून झिडकारता येणार नाहीत. पण त्या प्रत्येक वेळी 'देण्यात आल्या'. महागाई वाढली म्हणून आपोआप वाढल्या असे एकदाही झाले नाही. वेतन आणि मानधन यांतील खरा भेद रकमेपेक्षा येथे आहे.

घटनेतील एका बदलाची नोंद येथे घेतली पाहिजे, कारण तिची चर्चा फारशी होत नाही. मूळ घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा असे म्हटले होते. 'चौदा वर्षांपर्यंत' याचा अर्थ जन्मापासून. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयाला मूलभूत हक्क मिळाला, ही मोठीच गोष्ट झाली. त्याच दुरुस्तीने सहा वर्षांखालील मूल मात्र हक्काच्या बाहेर, पूर्वीसारखेच 'प्रयत्ना'च्या रकान्यात राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमानेही शालापूर्व शिक्षणाची व्यवस्था राज्य 'करू शकेल' एवढेच म्हटले. पहिलीच्या वर्गाच्या उंबरठ्यावर कायद्याने एक रेघ ओढली. रेघेच्या आत उभी असलेली स्त्री शिक्षिका झाली, बाहेरची सेविका राहिली. मूल तेच असते, केवळ एका जूनने मोठे झालेले.

न्यायालयांनी काय पाहिले? डिसेंबर २००६ मध्ये कर्नाटक शासन विरुद्ध अमीरबी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका शासनाचे नागरी पद धारण करीत नाहीत. योजना ही योजना आहे, तिला कायद्याचा आधार नाही, असा त्या विचाराचा रोख होता. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाला आणि गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीमार्फत आहार मिळणे हा कायदेशीर हक्क झाला. मग तो हक्क पोहोचविणारी स्त्री कायद्याच्या बाहेर कशी राहणार? गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी नेमके हेच सूत्र पकडले. अन्नसुरक्षा कायदा आणि शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलम यांमुळे अंगणवाड्या कायद्याने सोपविलेले कर्तव्य पार पाडतात. त्यांना दिले जाणारे मानधन हे उपदान अधिनियमाच्या अर्थाने वेतनच आहे. म्हणून सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असे त्यांनी सांगितले. २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकून त्यांना तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांप्रमाणे वागविण्याचा निर्देश दिला. कर्मचारी हा शब्द तिला कार्यालयाने दिलेला नाही, तो न्यायालयातून आला.

कामगार क्षेत्रात हा विचार त्याआधीच मांडला गेला होता. मे २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांमध्ये काम करणाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली. श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेला भारतीय मजदूर संघ तेव्हापासून त्या शिफारशीच्या अंमलबजावणीचा आग्रह धरत आला आहे. केंद्रात आणि राज्यात अनुकूल विचारांची सरकारे असतानाही मजदूर संघाने तो सोडलेला नाही, ही त्याच्या कार्यपद्धतीला साजेशीच गोष्ट आहे.

आता थोडे अवघड बोलायला हवे. सप्टेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी मोठा संप केला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने अंगणवाडी सेवेला अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा, लागू केला. विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला आणि काही दिवसांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या वेळी राज्यात युतीचे सरकार होते. आपल्या मतांची माणसे सत्तेत होती म्हणून या प्रसंगाकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. जिला आपण कर्मचारी मानत नाही, जी आपखुशीने येते असे संसदेत सांगतो, तिने घरी बसायचे ठरविले तर तिला तुरुंगाची भीती घालायची, यात तर्क कोणता? मान द्यायच्या वेळी ती स्वयंसेवी आणि काम घ्यायच्या वेळी ती अत्यावश्यक! दोहोंपैकी एक तरी खोटे असले पाहिजे. मुलांच्या तोंडचा घास संपामुळे थांबू नये, ही शासनाची चिंता मात्र खोटी नव्हती. ४ डिसेंबर २०२३ पासून पुढे ५२ दिवस पुन्हा संप झाला, तेव्हा आहाराची पर्यायी व्यवस्था करताना अनेक गावांची दमछाक झाली. त्या बावन्न दिवसांनी सेविकेचे मोल जेवढे सिद्ध केले, तेवढे कोणत्याही भाषणाने होणार नाही.

येथे जमलेल्या मंडळींना 'सेवा' या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. सेवावस्तीत संध्याकाळी अभ्यासिका चालविणारा तरुण, भूकंपात आणि पुरात धावून जाणारा स्वयंसेवक, आपल्या घरचे आवरून बालसंस्कार वर्ग घेणारी गृहिणी, यांपैकी कोणीही मानधन विचारीत नाही. वं. लक्ष्मीबाई उपाख्य मावशी केळकर यांनी १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा 'सेविका' हा शब्द त्यांनी विचारपूर्वक निवडला. त्या शब्दात दास्य नव्हते, आत्मनिर्णय होता. राष्ट्रासाठी काय द्यायचे आणि किती द्यायचे हे देणारी स्त्री स्वतः ठरवीत होती. तोच शब्द शासनाने अंगणवाडीत वापरला, पण त्यातील आत्मनिर्णय काढून घेतला. उपस्थितीची वेळ शासनाने ठरवायची, अहवाल शासनाने मागवायचे, नोटीस शासनाने बजावायची आणि पैशाचा विषय निघाला की सेवाभावाची आठवण करून द्यायची. स्वतःहून केलेल्या श्रमाला सेवा म्हणतात; दुसऱ्याने वसूल केलेल्या श्रमाला आपल्या जुन्या भाषेत वेगळा शब्द आहे, वेठ. सेवेच्या परंपरेत वाढलेल्या माणसांना या सरमिसळीचा सर्वांत आधी राग यायला हवा, कारण त्यांचाच शब्द त्यात खर्ची पडतो आहे.

कौतुकाची भाषा मात्र मुबलक आहे. सभासमारंभांत सेविकेला यशोदेची उपमा हमखास दिली जाते. यशोदेच्या घरी दही-लोणी होते. तिला इंधनाच्या आणि भाजीपाल्याच्या देयकासाठी तालुक्याला हेलपाटे घालावे लागत नव्हते, एवढे तरी उपमा देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

काम किती वाढले पाहा. आरंभी सहा सेवा होत्या. मग पोलिओच्या फेऱ्या आल्या, निवडणुकीच्या याद्या आल्या, सर्वेक्षणे आली. कोरोनाच्या काळात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ती दारोदार तापमान मोजत फिरली. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरण्याचा मोठा भार तिच्यावरच आला. ११ नोंदवह्या सांभाळणाऱ्या या स्त्रीच्या हाती २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' देण्यात आला. शासनाने दिलेले जुने मोबाइल त्या कामाला पुरेनात, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात हजारो सेविकांनी ते प्रकल्प कार्यालयांत परत केले. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराचे पाकीट देताना लाभार्थी मातेचा चेहरा पडताळणे सक्तीचे झाले. गळती रोखण्याचा हेतू योग्य आहे. आहाराच्या पुरवठ्यात काय काय घडत आले आहे, हे कोणाला ठाऊक नाही? पण पुरवठ्यातील मोठी गळती वरच्या टोकाला आणि पडताळणी शेवटच्या टोकाला, अशी ही रचना आहे. मोबाइलचा क्रमांक नवऱ्याच्या नावावर, नवरा पाळीवर आणि संकेतांक त्याच्या फोनवर. आई मूल कडेवर घेऊन दारात उभी. अशा वेळी नियम मोडायचा की मूल परत पाठवायचे, हा निर्णय ताईने घ्यायचा असतो.

एवढ्या सगळ्यात शालापूर्व शिक्षणाला किती वेळ उरला, हा प्रश्न आता शासनालाही पडलेला दिसतो, आणि ही आशेची जागा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले. मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला आणि सेविकांना शिक्षणाचे प्रशिक्षण देण्याचे ठरविले. २०२३ पासून महाराष्ट्रात सेविकेसाठी बारावी उत्तीर्ण असण्याची अट आहे. १९७५ मध्ये मॅट्रिक नसलेलीलाही घेत असत, हे आठवावे. म्हणजे ताराबाई जेथे १९४५ मध्ये उभ्या होत्या, तेथे शासन पाऊणशे वर्षांनी येऊन पोहोचले. पात्रता शिक्षिकेची मागितली, अभ्यासक्रम शिक्षिकेचा दिला. मोबदल्याचा शब्द तेवढा 'मानधन' हाच ठेवला.

तिजोरीचा प्रश्न आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या मंजूर आहेत. प्रत्येक सेविकेच्या मानधनात महिना १,००० रुपयांची वाढ करायची म्हटली तरी वर्षाला सुमारे १,६८० कोटी रुपये लागतात आणि त्यात मदतनीस धरलेल्या नाहीत. कायम शासकीय नोकरीमुळे बदल्या सुरू होतील आणि गावची ताई गावची राहणार नाही, ही शंकाही काही अनुभवी कार्यकर्ते बोलून दाखवितात. ती फेटाळून लावण्यासारखी नाही. परंतु स्थानिक नेमणूक आणि रीतसर वेतन यांत विरोध आहे असे कोणी ठरविले? बदलीची अट न घालताही वेतन, महागाई भत्ता आणि ग्रॅच्युइटी देता येते. तसे नियम करण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

रांजणगावात बसून या विषयाकडे पाहिले की आणखी एक बाजू दिसते, आणि ती शासनाच्या कागदांत जवळजवळ नाहीच. येथे पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. फियाट, एलजी, व्हर्लपूल यांसारखे कारखाने आहेत, त्यांना माल पुरविणारे लहान कारखाने आहेत. त्यांत काम करणाऱ्या तरुण जोडप्यांना तीन वर्षांखालील मूल असेल, तर ते आठ तासांच्या पाळीत कोणाकडे ठेवायचे? अंगणवाडी काही तासांत सुटते. मग शेजारीण सांभाळते किंवा मोठ्या बहिणीची शाळा सुटते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४८ व्या कलमात पाळणाघराची अट होती. आरंभी ५० हून अधिक स्त्री-कामगार असल्यास आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० हून अधिक असल्यास. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्याने ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही ती अट ५० चीच आहे. कंत्राटदारामार्फत येणारी स्त्री नेमकी कोणाची कामगार, यावर या अटीचे भवितव्य ठरते. २०२२ पासून केंद्राने 'पाळणा' योजनेत १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याचे ठरविले. तेथे तान्ह्या मुलांना दिवसभर सांभाळणारी जी स्त्री असेल, तिच्या वाट्याला पुन्हा 'मानधन' हाच शब्द आला आहे. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट पहिल्या ओळीपासून सुरू झाली.

अंगणवाडी मंजूर होते ती लोकसंख्येवर. ग्रामीण भागात साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीला एक. हिशोबाला जनगणना २०११ ची. तेव्हापासून या परिसरात किती खोल्या वाढल्या, हे येथे बसलेला प्रत्येक जण जाणतो. भीमा-घोडच्या पट्ट्यात, शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत, उसाच्या हंगामात कोप्या पडतात. त्या कोप्यांतील तान्ही मुले तर कोणत्याच गावच्या मोजणीत धड येत नाहीत. ती ज्या गावची, तेथील अंगणवाडीच्या पटावर त्यांचे नाव असते आणि आहार तेथे न्यायला कोणी नसते. पुढची जनगणना २०२७ ची जाहीर झाली आहे. तिचे आकडे हाती येऊन नव्या अंगणवाड्या मंजूर होईपर्यंत आजचे दोन वर्षांचे मूल शाळेत गेलेले असेल.

म्हणून येथील कार्यकर्त्यांकडून एक साधी अपेक्षा आहे. भाड्याच्या खोल्यांत आणि उसाच्या कोप्यांत सहा वर्षांखालील मुले किती, त्यांपैकी अंगणवाडीच्या पटावर किती आणि किती मुलांच्या आया पाळीवर जातात, याची घरोघर जाऊन यादी करावी. हे काम ताईवर टाकू नये. तिच्याकडे याद्या पुष्कळ आहेत. ती यादी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि कारखान्यांच्या व्यवस्थापनाला लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्या ग्रामसभेत गावच्या सेविकेला आणि मदतनीस बाईंना खुर्ची देऊन बसवावे, आणि त्यांचे या महिन्याचे मानधन कोणत्या तारखेला जमा झाले हे सर्वांसमोर विचारावे.